पलीकडची पाणचक्की

सुनंदाबाईंनी फ्रान्स कधी पाहिला नव्हता, पण तेहेतीस वर्षं शिकवला होता. वर्ध्याच्या शाळेत आठवीच्या वर्गापुढे नकाशा टांगायचा आणि काठीच्या टोकानं नद्या दाखवायच्या. ही इथून निघते, हिच्या खोऱ्यात द्राक्षं, हिच्या काठी अक्रोड, इथं चुनखडीचे कडे, म्हणून घरं पिवळट दगडाची. मागच्या बाकांवर पेंगणारी पोरं आणि खिडकीबाहेर विदर्भातलं मार्चचं ऊन. निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेनं त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. नकाशा त्यांनी स्वतः मागून घेतला. तो तसाही फाटलेला होता, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात त्या नातीला, जाईला, सांभाळायला सहा महिन्यांसाठी मॉन्ट्रियलला आल्या. आपली सून माधवी घरबसल्या नेमकं काय काम करते हे तिथं त्यांना पहिल्यांदा नीट कळलं, आणि पोळी लाटता लाटता त्यांचं लाटणं थांबलं.

"म्हणजे तू फ्रान्समधल्या पायवाटा लिहितेस?"

"मी नाही हो आई. तिकडे एक म्हातारा आहे, तो चालतो आणि लिहितो. मी नुसतं फ्रेंचचं इंग्लिश करते."

ओडिल नावाच्या बाईची तीन माणसांची कंपनी होती, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून पायी भटकायला जाणाऱ्यांची ती सोय लावायची. सोबत गाइड नाही, बस नाही. सामान गाडीनं पुढच्या मुक्कामी जाणार आणि माणूस हातात चार पानं घेऊन चालत निघणार. त्या चार पानांवर सगळी भिस्त. 'चर्चच्या मागून उत्तरेला, दोनशे चाळीस पावलं. दगडी गडगा. अक्रोडाची राई डावीकडे ठेवून उतार. कपडे धुण्याचं जुनं कुंड, छपरावर शेवाळ. पुढे तीन कमानींचा पूल, मधल्या कमानीवर साल कोरलेलं.' म्हातारा असा लिहायचा. कुठल्या दारात कुत्रा बांधलेला असतो, हेसुद्धा लिहायचा.

जाई दुपारी झोपली की माधवी लॅपटॉप उघडायची. कधी दीड तास मिळायचा, कधी वीस मिनिटं. एके दिवशी सुनंदाबाई पलीकडच्या खुर्चीत येऊन बसल्या. हातात डायपरच्या रिकाम्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, पट्टी आणि पेन्सिल.

"वाच. मराठीत सांग, हळूहळू. अंतर आणि दिशा चुकवू नकोस."

माधवी वाचत गेली आणि त्या काढत गेल्या. शंभर पावलांना अर्धा सेंटिमीटर. वळण आलं की पट्टी फिरायची, 'हं' म्हणायच्या, पेन्सिल पुढे सरकायची. या बहुतेक वाटा गावातून निघून संध्याकाळी त्याच गावात परत आणणाऱ्या. तेव्हा शेवटची रेघ पहिल्या ठिपक्याला येऊन टेकली पाहिजे, एवढा साधा हिशेब. तिसऱ्याच दिवशी एक रेघ भलतीकडे गेली.

"चूक," सुनंदाबाई म्हणाल्या. "टोक जुळत नाही. तुझी माणसं संध्याकाळी डोंगरात राहिली बघ."

माधवीनं मूळ कागद पाहिला. उजवीकडचं तिनं डावीकडे केलं होतं.

पुढे हा रिवाजच पडला. सुनंदाबाईंनी तपासल्याशिवाय पान ओडिलकडे जायचं नाही. ओडिलला हे कळलं तेव्हा तिनं मेपलच्या साखरेचा डबा पाठवला. सुनंदाबाईंनी एक वडी तोंडात घोळवून पाहिली. "गूळ बरा," म्हणाल्या, पण डबा आपल्या खोलीत ठेवला.

माधवीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत सासूशी बोलायला आपल्याकडे भाजी आणि परीक्षित याखेरीज विषय नाही, असं ती धरून चालली होती. आता मात्र दुपारी जाईचे डोळे मिटायला लागले की दोघी एकमेकींकडे बघायच्या. परीक्षित विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. संध्याकाळी घरी आला की विचारायचा, "आज कुठे गेला होतात?" आणि त्याची आई सांगायची, "एका कड्याखालच्या गावात. फार चढ होता रे."

एकदाच, फक्त एकदा, पुठ्ठा कपाटावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अशी एक तरी वाट पायांनी चालायला मिळायला हवी होती."

"आई, तुझा व्हिसा सिंगल एंट्री आहे," परीक्षित म्हणाला. "फ्रान्सला गेलीस की इकडे परत एंट्री नाही."

"मी कुठे जाते म्हटलं?"

माधवी म्हणाली, "फ्रान्सच कशाला हवा? इथून दीड तासावर फ्रेंच लोकांचं जुनं खोरं आहे. चांदीसारख्या पत्र्याच्या कळसाचं चर्च आहे, दगडी घरं आहेत, नदी आहे, पलीकडच्या काठावर पाणचक्की आहे, अजून पीठ दळतात तिथं. ओडिलला पुढच्या वर्षी तिथली वाट सुरू करायची आहे. चालून लिहायचं काम तिनं मलाच दिलंय. ती वाट पहिल्यांदा तुम्ही चालायची."

"पाणचक्की?" सुनंदाबाईंचा चेहरा उजळला. "औरंगाबादची पाहिलीय, सहलीला नेली होती पोरं. पण ती आता नुसती बघायला. पीठ दळणारी नाही पाहिली." मग लगेच, "बघू, जमलं तर," म्हणून त्या डाळ निवडायला बसल्या. त्या रात्री त्यांनी पाणचक्कीतलं पीठ विकत मिळतं का, असं दोनदा विचारलं.

जुलैमधल्या एका शनिवारी माधवी ती वाट चालून पाहायला निघाली. सुनंदाबाई चपला घालून दारात उभ्या. "मी पण येते की."

"आधी मी बघून येते आई. ऊन आहे, तुमचा गुडघा. सगळं नीट पाहून ठेवते, मग आपण जाऊ."

गुडघ्याचं खोटं नव्हतं. पण खरं हे होतं की तिला एकटीला जायचं होतं. जाई झाल्याला आठ महिने झाले होते, घरात कुणी ना कुणी सतत तिचं नाव घेत होतं. जाई अंगावर पिणारी, तिला सोबत नेणं भागच होतं, पण जाईला अजून बोलता येत नव्हतं. सुनंदाबाईंनी चपला काढल्या आणि रॅकवर नीट जोडीनं ठेवल्या.

गाव खरोखर चित्रासारखं होतं. नदी गावापासून थोडी लांब, मक्याच्या शेतांमागे. माधवीनं चर्चच्या बाजूला मेपलच्या सावलीत गाडी लावली. जाईला पोटाशी बांधून चर्चपासून रस्त्याकडेच्या लाकडी क्रुसापर्यंत आणि पुढे मक्याच्या शेताच्या कडेपर्यंत पावलं मोजली. जाई रडायला लागली. परत गाडीत येऊन तिला पाजलं. ती कार सीटमध्ये झोपली. सगळ्या काचा उघड्या, शेतावरून गार वारा येत होता, आणि कुणीही काहीही मागत नव्हतं. पाच मिनिटं, असं म्हणून माधवीनं सीट मागे पाडली.

जाग आली तेव्हा चर्चची घंटा वाजत होती आणि तीन तास गेले होते. आठ महिन्यांतली तिची ती पहिली सलग झोप. उठून वाट चालायला आता वेळ नव्हता. गावच्या माहिती केंद्रातून तिनं एक नकाशा उचलला. त्यावर तुटक रेघांची एक पायवाट दिसत होती. शेताकडेनं नदीकाठी, नदीवरून पलीकडे, पाणचक्कीपाशी, मग पलीकडच्या काठानं खाली आणि दुसऱ्या ठिकाणी नदी ओलांडून परत गावात. माधवीनं बाकीची वाट त्या रेघांवरून लिहून काढली.

सोमवारी दुपारी सुनंदाबाई पुठ्ठा घेऊन बसल्या. आज पेन्सिलीला नवं टोक काढलेलं होतं. क्रुसापर्यंत ठीक झालं. शेतापर्यंत ठीक. पुढे पेन्सिल थांबली.

"पूल किती पावलांचा?"

"लिहिलंय ना, पूल ओलांडा."

"कसला पूल? दगडी, लाकडी, लोखंडी? तो म्हातारा साध्या ओहोळावरच्या फळीचंही माप देतो. तू दोन वेळा नदी ओलांडलीस आणि दोन्ही पुलांना रंग नाही, रूप नाही." त्यांनी चष्मा वर केला. "माधवी, ही चाललेल्या माणसाची वाट नाही गं."

त्या आवाजात राग नव्हता. हुशार विद्यार्थ्यानं कॉपी केली की शिक्षकाला जे वाटतं, तेवढंच होतं. खरं सांगायला ती वेळ चांगली होती. झोप लागली हो आई, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सुनंदाबाईंनी तिला आणखी तासभर झोपायला पाठवलं असतं. पण पाच वाजता ओडिलला पानं हवी होती, जाई उठायची वेळ झाली होती, आणि दारात जोडीनं ठेवलेल्या त्या चपला माधवीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"चाललेय मी, आई. जाईला घेऊन चालले. पूल मोजायचा राहिला."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाल्या. नदीच्या जागी त्यांनी दोन बारीक फुल्या केल्या आणि पुठ्ठा कपाटावर ठेवला.

ऑगस्टमध्ये जाईला दात येत होते. सप्टेंबरात परीक्षितला शनिवारीही कारखान्यात जावं लागलं, गाडी त्याच्याकडे. माधवी दर सोमवारी 'या वीकेंडला नक्की' म्हणायची, आणि त्या रविवारी काहीतरी निघायचंच. सुनंदाबाईंनी एकदाही आठवण केली नाही. त्यांची परतीची तारीख ऑक्टोबरातली होती, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर माधवीनंच गोल करून ठेवली होती. शेवटचा रविवार उरला तेव्हा परीक्षित म्हणाला, "जाईला मी बघतो. जा दोघी. पिऊ दे तिला एक दिवस बाटलीनं."

सुनंदाबाईंनी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. मोजे, स्वेटर, वरून परीक्षितचं जुनं जॅकेट, पायात माधवीचे बूट, आणि हातात ती चार पानं. चर्चपाशी उभं राहून त्यांनी वर्गात वाचावं तशा खणखणीत आवाजात पहिली ओळ वाचली आणि चालायला लागल्या. मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते. क्रुसापाशी त्या थांबल्या. "एकशे नव्वद लिहिलीस, माझी दोनशे सात भरली. माझं पाऊल लहान पडतं." त्या खुशीत होत्या. दगडी घरांच्या खिडक्यांना निळ्या झडपा, दारात रचलेली लाकडं, अंगणात भोपळ्यांचे ढीग. एका घरासमोर त्या म्हणाल्या, "बघ, चूल उत्तरेच्या भिंतीला आहे. धुराडं तिकडे आहे ना. थंडी तिकडून येते." माधवी इतके दिवस या देशात राहत होती, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, पूल असेल. नकाशावर रेघ आहे म्हणजे काहीतरी असेलच.

मक्याचं शेत संपलं आणि नदी आली. चांगली रुंद, संथ, करडी नदी. पलीकडच्या काठावर दगडी पाणचक्की, तिचं लाल दार, दाराशी माणसं, धुराड्यातून धूर. इतक्या जवळ की दारावरची पाटी दिसत होती, वाचता येत नव्हती.

अलीकडे काही नव्हतं. काठ उतरत उतरत पाण्यात गेला होता.

शेजारच्या शेतात एक म्हातारा भोपळे ट्रॉलीत भरत होता. माधवी त्याच्याकडे गेली आणि पुलाचं विचारलं. त्यानं टोपी मागे सारली. "पूल? जानेवारीत या, मादाम. तेव्हा नदीच पूल होते." काठावरच्या खांबाकडे त्यानं बोट केलं. खांबावर स्नोमोबिलचं, बर्फावरून धावणाऱ्या गाडीचं, चित्र होतं. नकाशावरची ती तुटक रेघ हिवाळ्यातली होती, गोठलेल्या नदीवरून जाणारी. खरा पूल अकरा किलोमीटरवर. इथल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट, पण बाहेरून आलेल्या माणसाला नदीवरची रेघ म्हणजे पूल, दुसरं काय सुचणार?

"काय म्हणतो गं तो?" सुनंदाबाईंनी काठावरूनच विचारलं.

हीसुद्धा एक वेळ होती. माधवीनं तीही घालवली.

"म्हणतो, पूल पडला. मागच्या महिन्यात."

"हो का."

सुनंदाबाई पाण्याकडे बघत राहिल्या. आधी वरच्या अंगाला, मग खालच्या अंगाला, काहीतरी शोधत असल्यासारख्या. मग त्यांनी खांबावरचं चित्र पाहिलं. मग पानांची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि जॅकेटच्या खिशात ठेवली.

"गाडीनं जाऊ या आई. वळसा पडेल, पण अर्ध्या तासात पोचू."

"नको. चालत जायचं होतं." त्या हसल्या. "दिसली की इथून. दार लाल आहे."

पुऱ्यांचा डबा त्यांनी उघडला नाही. निघताना मात्र काय वाटलं कोण जाणे, परत जाऊन चार पुऱ्या त्या म्हाताऱ्याला कागदात बांधून दिल्या. त्यानं एक चाखून डोळे मोठे केले आणि त्यांच्या हातात एक भोपळा ठेवला. गाडीत तो मांडीवर घेऊन सुनंदाबाई म्हणाल्या, "जन्मभर वर्गात भोपळे वाटले. आज एक मिळाला." माधवीनं हसायला तोंड उघडलं, पण हसता आलं नाही. उरलेल्या दीड तासाच्या रस्त्यात त्या झोपल्या होत्या, किंवा डोळे मिटून बसल्या होत्या.

गुरुवारी त्या गेल्या. विमानतळावर त्यांनी माधवीच्या गालावरून हात फिरवला आणि "झोपत जा गं जरा," म्हणाल्या. माधवीनं घरी येऊन कपाटावर हात घातला. बाकीचे सगळे पुठ्ठे होते. दोन फुल्यांचा नव्हता.

ओडिलला तिनं खरं सांगून टाकलं. ओडिल नदीवरच्या रेघेची हकीगत ऐकून डोळे पुसेपर्यंत हसली आणि ती वाट यादीतून काढून टाकली. परक्या बाईला सांगणं किती सोपं होतं.

वर्ध्याला दर रविवारी फोन जायचा. सुनंदाबाई जाईचं विचारायच्या, थंडीचं विचारायच्या, परीक्षितला विंटर टायर्स लावलेस का म्हणून टोकायच्या. माधवीला म्हणायच्या, "तुझं काम छान चाललंय ना?" छान. हा शब्द त्यांनी दुपारच्या त्या खुर्चीत कधी वापरला नव्हता. तिथं फक्त 'हं' होतं आणि 'चूक' होतं. 'पुढच्या उन्हाळ्यात या आई, मल्टिपल एंट्री काढू,' असं माधवी म्हणायची. 'बघू गं,' असं उत्तर यायचं.

फेब्रुवारीत एका शनिवारी, जाईला परीक्षितपाशी ठेवून, माधवी त्या गावी गेली. चर्चपासून निघाली. क्रूस अर्धा बर्फात. शेताची नुसती पांढरी पाटी. आणि नदीवर, या काठापासून त्या काठापर्यंत, बर्फात रोवलेल्या छोट्या छोट्या फरच्या झाडांच्या दोन ओळी, मधून वाट. लग्नाच्या मांडवाची वाट असावी तशी. काठावर उभं राहून माधवीनं आधी वरच्या अंगाला पाहिलं, मग खालच्या अंगाला, आणि एकदम तिला कळलं की सुनंदाबाई त्या दिवशी काय शोधत होत्या. पूल पडला तरी खांब राहतात. काठाला चिऱ्यांचा ढीग राहतो. काहीच नव्हतं. भूगोलाच्या बाईंना ते पहिल्या नजरेत कळलं असणार. तरी त्या "हो का" म्हणाल्या होत्या.

ती दोनशे बारा पावलं चालली आणि पलीकडे पोचली. पाणचक्की हिवाळ्यासाठी बंद होती. लाल दाराला हात लावला, दाराची रुंदीसुद्धा मोजली. मग पलीकडच्या काठानं खाली, दुसऱ्या झाडओळीनं परत, गावात. घरी येऊन त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जाईच्या नॅपमध्ये, तिनं सगळं लिहून काढलं. कुठल्या अंगणात कुत्रा भुंकला तेही लिहिलं. आणि फोन लावला.

"आई, एक वाट तपासायची आहे."

"आता?" सुनंदाबाई म्हणाल्या. "थांब हं. पेन्सिल आणते."

माधवी वाचायला लागली. चर्च, उत्तरेला. क्रूस. शेताची कड. "हं," सुनंदाबाई म्हणत होत्या. "हं." नदीकाठ आला.

"इथं पूल नाही," माधवीनं वाचलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता. "इथं पूल कधीच नव्हता. उन्हाळ्यात या वाटेनं कुणाला नेऊ नये. हिवाळ्यात बर्फावरून ओलांडावं. दोनशे बारा पावलं. माझी पावलं."

फोनमध्ये लांबवर रेल्वेची शिट्टी झाली. मग सुनंदाबाई म्हणाल्या, "पुढे?"

"पाणचक्की. दगडी, दोन मजली. दार लाल, चार पावलं रुंद. तिथून काठाकाठानं दक्षिणेला, सहाशे तीस पावलं. डावीकडे..."

"जुळलं गं," सुनंदाबाई म्हणाल्या.

माधवी थांबली.

"छान जुळलं. अगदी ठिपक्यावर. छान लिहिलंस हो." त्यांचा आवाज फार मऊ होता, पाहुण्यांशी बोलताना असतो तसा. "जाई काय करते? झोपली का? तूही पड जरा."

"हो आई," माधवी म्हणाली.

फोन ठेवल्यावरही पान तिच्या हातातच होतं. खाली पाच ओळी वाचायच्या राहिल्या होत्या. झाडांची दुसरी ओळ, अलीकडचा काठ, शेत, क्रूस, चर्च. जिथं सुनंदाबाईंनी जुळलं म्हटलं, तिथं वाट अजून नदीच्या पलीकडेच होती.